पाय चोळू नका, मोजा

लातूर-नांदेडच्या पट्ट्यात सुजलेल्या पायाला नावं पुष्कळ. वात उतरला, नस चढली, शीर आखडली, पाणी धरलं, गारठा लागला. उपायही ठरलेले. एरंडाचं पान तव्यावर गरम करून पोटरीला बांधायचं, निर्गुडीच्या पाल्याचा शेक द्यायचा, चुलीत तापवलेली वीट फडक्यात गुंडाळून पायावरून फिरवायची आणि निजायच्या आधी घरातल्या कुणीतरी कोमट तेलानं घोट्यापासून मांडीपर्यंत पाय चोळून द्यायचा. चोळणाऱ्या हातात माया असते, यात शंका नाही. पण त्या पोटरीच्या आत, मांसाखाली खोल असलेल्या शिरेत रक्ताची गुठळी धरलेली असेल, तर तोच हात तिचा तुकडा मोडून वर फुफ्फुसाकडं ढकलू शकतो.

या लेखाचा वाद चोळणाऱ्या आईशी किंवा बायकोशी नाही. वाद आहे तो शिकल्यासवरल्या लोकांत रुजलेल्या एका मताशी. ते औषधाच्या दुकानात ऐकू येतं, चहाच्या टपरीवर ऐकू येतं, काही वेळा डॉक्टरांच्या टेबलापलीकडूनही येतं. हे दुखणं विलायतेतल्या बसून खाणाऱ्या लोकांचं, आपल्या राबणाऱ्या माणसाला ते होत नाही. झालंच तर इथं ते कळायची सोय नाही. आणि कळलं तरी इथं हात लावायचा नाही, हैदराबादला किंवा पुण्याला गाडी काढायची. तीन वाक्यं आणि तिन्ही चुकीची. तिसरं तर माणूस मारणारं आहे.

‘आपल्याकडे होत नाही’ हे मत हवेतून आलेलं नाही. आशियाई लोकांच्या शिरांत गुठळ्या क्वचितच होतात, असं ऐकत डॉक्टरांच्या कित्येक पिढ्या शिकल्या. क्वचित कशावरून, तर नोंदी कमी म्हणून. आणि नोंदी कमी, कारण फारसं कुणी शोधलंच नव्हतं. शोधायला बसल्यावर चित्र पालटलं. सात आशियाई देशांतल्या रुग्णालयांनी खुब्याच्या आणि गुडघ्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर, प्रतिबंधक औषध न दिलेल्या रुग्णांच्या पायांच्या शिरांत रंगद्रव्य सोडून एक्स-रे काढले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ४१ टक्के जणांच्या शिरांत गुठळ्या निघाल्या. बहुतेकांना त्याचा पत्ताही नव्हता. भारतातली नोंद हवी असेल तर वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजची आहे. तिथं १९९६ ते २००५ या काळात दाखल झालेल्या दर दहा हजार रुग्णांमागं सतराहून जास्त जणांना हा आजार सापडला. चंडीगडच्या पीजीआयमध्ये वैद्यकीय वॉर्डांत दगावलेल्या १००० प्रौढांची शवविच्छेदनं तपासली, तेव्हा १५९ जणांच्या फुफ्फुसांत गुठळी होती.

२००८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ३२ देशांच्या रुग्णालयांची एक मोठी पाहणी आली. तिच्यात भारतातली दहा रुग्णालयं आणि २०५८ रुग्ण होते. त्यांतल्या ५३.६ टक्के रुग्णांना गुठळीचा धोका होता. धोका असलेल्यांपैकी योग्य प्रतिबंधक उपाय मिळाला तो शंभरात जेमतेम सतरा जणांना. म्हणजे धोका जगाइतकाच, आणि काळजी मात्र कितीतरी कमी.

हे आकडे घेऊन मराठवाड्यातल्या कुठल्याही हाडांच्या वॉर्डात उभं राहावं. खुब्याचं हाड मोडलेले आजोबा. ऑपरेशन छान झालेलं, टाके कोरडे, घरी जायची तयारी. आठव्या-दहाव्या दिवशी पहिल्यांदा पायावर उभे राहून संडासापर्यंत जातात, दारातच दम लागतो, घामाघूम होतात, कोसळतात. सगळे म्हणतात, ‘अटॅक आला.’ शवविच्छेदनाची गोष्ट कुणी काढत नाही, काढली तर घरच्यांना ती विटंबना वाटते. संध्याकाळपर्यंत अंत्यविधी होतो. फुफ्फुसात जाऊन बसलेली गुठळी कुठल्याच कागदावर येत नाही, आणि पुढच्या वर्षी कुणी विचारलं की उत्तर तयार असतं: आमच्याकडे अशी केस पाहिलीच नाही.

दुसरं समर्थन असं की, आमचा माणूस दिवसभर शेतात असतो, पाय सतत चालते, गुठळी धरायला वेळ कुठं आहे? यात अर्धं खरं आहे. पायातलं रक्त हृदयाकडं चढतं ते पोटरीच्या जोरावर. पाऊल पडलं की पोटरीचे स्नायू आवळतात, शिरेतलं रक्त वर सरकतं, आणि ते मागं फिरू नये म्हणून शिरांत जागोजागी झडपा असतात. चालता पाय हा उत्तम पंप आहे. पण पंप बंद पडायला कष्टकऱ्याच्या आयुष्यात निमित्तं काय कमी आहेत? बर्लिनचे रुडॉल्फ विर्खोव यांच्या नावानं गुठळीची तीन कारणं सांगितली जातात: रक्ताचा वेग मंदावणं, शिरेच्या भिंतीला इजा होणं आणि रक्ताचा गोठण्याकडं कल वाढणं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडून मांडीचं हाड मोडलं की ही तिन्ही एकाच दिवशी हजर होतात. मग पाय प्लास्टरमध्ये जातो आणि दीड महिना खाटेवर राहतो. अर्धांगवायूनं आडवा झालेला माणूस, कर्करोगाचा रुग्ण, ओटीपोटाची शस्त्रक्रिया झालेली बाई, सगळे याच रांगेतले.

ओटीपोटाच्या शस्त्रक्रियेवर जरा थांबायला हवं. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं ऊसतोड महिलांचा प्रश्न हाती घेतला. पाहणीतल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली होती. त्यावर बरीच चर्चा झाली, ती व्हायलाच हवी होती. पण पिशवी काढलेल्या बाईची पोटरी त्या चर्चेत कुणाच्या नजरेत आली नाही. ही मोठी शस्त्रक्रिया आहे, तिच्यानंतरचे काही आठवडे गुठळीच्या धोक्याचे आहेत, आणि त्याच आठवड्यांत ट्रकच्या हौद्यात पाय दुमडून बसून कारखान्याच्या वाटेनं तासन्‌तास जाणं म्हणजे त्या धोक्यात भर घालणं. ‘ती कष्टाची आहे, तिला काही होत नाही’ हे वाक्य अशा बाईबद्दल उच्चारणं अन्यायाचं आहे.

कष्टकऱ्यांनाही हा आजार गाठतो याचा एक दाखला जपानमधला आहे, आणि लातूरकरांनी तो मनाशी ठेवावा. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट हा जिल्हा विसरलेला नाही. जपानच्या नीगाता भागात २३ ऑक्टोबर २००४ ला भूकंप झाला. तो डोंगराळ, खेड्यापाड्यांचा मुलूख. पुन्हा हादरे बसतील या भीतीनं लोक रात्ररात्र मोटारीत बसून झोपले. भूकंपातून वाचलेली काही माणसं त्या मोटारींतच फुफ्फुसात गुठळी जाऊन दगावली. तेव्हापासून तिथं मोठ्या भूकंपानंतर निवाऱ्यांत जाऊन लोकांच्या पायांची सोनोग्राफी करतात.

बाळंतिणीची गोष्ट याहून जवळची. सव्वा महिना जपायचा, ही आपली रीत. वैद्यकशास्त्राचा हिशेबही तेच सांगतो. गरोदरपणात रक्ताचा गोठण्याकडं कल वाढतो, तो बाळंतपणातला रक्तस्राव आटोक्यात राहावा यासाठी, आणि प्रसूतीनंतरचे पहिले सहा आठवडे गुठळीचा धोका सर्वांत जास्त असतो. सव्वा महिना आणि सहा आठवडे यांत दोन-चार दिवसांचा फरक. म्हणजे आजीबाईंनी काळ अचूक ओळखला होता. जपण्याची पद्धत मात्र तपासून पाहायला हवी. कोंडलेली खोली, बाजेखाली शेगडी, बाजेवरून उठायची मनाई आणि ‘पाणी जास्त पिऊ नको, पोट सुटेल’ हा धाक. शरीरातलं पाणी कमी, हालचाल बंद आणि रक्त आधीच गोठायला टेकलेलं. सिझेरियन झालं असेल तर धोका आणखी वाढतो. गरोदरपणात गुठळी बहुतेक वेळा डाव्या पायात धरते, कारण पायाकडं जाणारी उजवी धमनी डाव्या शिरेला ओलांडून जाते आणि तिला मणक्यावर दाबते. बाळंतिणीचा एकटा डावा पाय मांडीपर्यंत सुजला, तर ते ‘अंगावर पाणी आलं’ म्हणून सोडून द्यायचं लक्षण नाही.

आणि शिरा फक्त पायात नसतात. मेंदूतलं रक्त परत आणणाऱ्या शिरांतही गुठळी धरते. बाळंतपणानंतर आठ-पंधरा दिवसांनी डोकं फुटेल असं दुखतं, उलट्या होतात, नजर अंधुक होते, मग झटके येतात. गावात त्याला बाहेरची बाधा म्हणतात आणि अंगारा लावतात. नांदेडकर उपचारांसाठी ज्या हैदराबादकडं बघतात, तिथल्या निझाम्स इन्स्टिट्यूटनं या आजाराच्या ४२८ रुग्णांची नोंदवही २०१२ साली प्रसिद्ध केली. त्यांत निम्म्याहून अधिक पुरुष होते. सुमारे दहा टक्के बाळंतिणी होत्या, आणि अकरा टक्क्यांहून अधिक जणी गर्भनिरोधक संप्रेरकांच्या गोळ्या घेणाऱ्या होत्या. या शेवटच्या आकड्यावर आपल्या घरांनी विचार करावा. महालक्ष्म्या बसायच्या आहेत, लग्न आहे, तुळजापूरला जायचं आहे म्हणून पाळी पुढं ढकलायच्या संप्रेरकांच्या गोळ्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणल्या जातात, जावाजावांत वाटल्या जातात. आधी कधी पाय सुजला होता का, घरात कुणाला गुठळी झाली होती का, हे कुणी विचारत नाही. ते विचारायला हवं, आणि विचारणारा डॉक्टरच हवा.

मेंदूच्या या आजाराचा उपचार ऐकून नातेवाईक हादरतात. स्कॅनमध्ये मेंदूत रक्त उतरलेलं दिसतं आणि डॉक्टर रक्त न गोठण्याचं औषध सुरू करतात! पण तो रक्तस्राव कोंडलेल्या शिरेमागं तुंबलेल्या दाबाचा असतो. वाट मोकळी झाल्याशिवाय तो थांबत नाही. १९९१ साली म्युनिकच्या डॉक्टरांनी वीस रुग्णांवर चाचणी केली. दहा जणांना हेपरिन, दहांना नाही. हेपरिनच्या गटात आठ पूर्ण बरे झाले, दोघांत किरकोळ उणीव राहिली, कुणी दगावलं नाही. दुसऱ्या गटात तिघे गेले आणि एकच पूर्ण बरा झाला. चाचणी छोटी होती, पण ‘रक्तस्राव दिसतो म्हणून औषध नको’ ही भीती तिनं मागं सारली.

आता दुसरं वाक्य: इथं कळायची सोय नाही.

या दाव्याला पहिलं उत्तर शिंप्याच्या टेपनं द्यावं. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीच्या वरच्या टोकाला हाडाचं एक टेंगूळ हाताला लागतं. त्याच्या दहा सेंटीमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजायचा. तीन सेंटीमीटरहून जास्त फरक निघाला, तर संशयाच्या खात्यात एक गुण. कॅनडातल्या फिलिप वेल्स यांनी १९९० च्या दशकात बसवलेली ही गुणपद्धती जगभर वापरतात. प्लास्टर किंवा लकवा, तीन दिवसांहून जास्त अंथरूण किंवा गेल्या बारा आठवड्यांतली मोठी शस्त्रक्रिया, कर्करोग, पूर्वी झालेली गुठळी, खोल शिरेच्या रेषेवर दाबल्यावर दुखणं, पूर्ण पाय सुजणं, त्याच पायावर बोट दाबल्यावर खळगा राहणं, कातडीवर नव्या शिरा फुगणं, प्रत्येकाला एक गुण. दुसरं कारण तितकंच पटण्यासारखं असेल तर दोन वजा. बेरीज दोन किंवा जास्त आली की संशय पक्का धरायचा. यात यंत्र नाही, वीज नाही, पैसे नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्रातली सिस्टरही पाच मिनिटांत हे करू शकते. याउलट पाऊल वर वाकवून ‘दुखतं का?’ विचारण्याची जुनी खूण अजून चालते, ती विश्वासाची नाही.

वेगळं कारण शोधणंही गरजेचं आहे, कारण प्रत्येक सुजलेला पाय गुठळीचा नसतो. संशयानं तपासलेल्या पायांपैकी बहुतेक निर्दोष निघतात. नांदेड आणि लातूर हे हत्तीरोगाच्या सरकारी गोळ्या-मोहिमेत आलेले जिल्हे, त्यामुळं तो शिक्का इथं पटकन बसतो. पण हत्तीपाय वर्षानुवर्षं चढत जातो, गुठळीचा पाय दोन-चार दिवसांत सुजतो. कातडीच्या संसर्गात लाली असते, ताप असतो, पण लाली गुठळीतही असू शकते. दोन-दोन अँटिबायोटिक बदलूनही सूज हलत नसेल, तर तिसरी लिहिण्याआधी टेप काढावी.

दुसरी तपासणी रक्ताची, डी-डायमर. कोविडच्या दोन वर्षांत हा शब्द मराठवाड्याच्या घराघरात पोहोचला. लोक व्हॉट्सअ‍ॅपवर एकमेकांचे आकडे पाठवत होते, आकडा वाढला की घाबरून रक्त न गोठण्याच्या गोळ्या सुरू करत होते. ती सवय अजून गेलेली नाही, आणि तिच्यामागं मूळचा गैरसमज आहे. शरीरात कुठंही गोठलेल्या रक्ताचं जाळं धरून विरघळू लागलं की हा आकडा वाढतो. न्यूमोनिया, शस्त्रक्रिया, गरोदरपण, कर्करोग, नुसतं वाढलेलं वय यानंही तो वाढतो. वाढलेल्या आकड्यावरून गुठळी आहे असं म्हणताच येत नाही. या तपासणीचं मोल आकडा नॉर्मल येण्यात आहे. वेल्सच्या गुणांनी संशय कमी आणि डी-डायमर नॉर्मल, तर गुठळी नाही असं मानून माणसाला निर्धास्त घरी पाठवता येतं. संशय पक्का असेल तर या आकड्याची वाट पाहत बसू नये, थेट डॉपलर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी, करावी.

डॉपलरच्या अंधाऱ्या खोलीत काय घडतं, ते एकदा बघण्यासारखं आहे. जांघेत गार जेल लावून प्रोब टेकवला की पडद्यावर दोन काळे गोल शेजारी-शेजारी दिसतात. एक धडधडतो, ती धमनी. दुसरा शांत, ती शीर. डॉक्टर प्रोब हलकेच दाबतात. निरोगी शीर डोळा मिटावा तशी मिटते. गुठळी भरलेली शीर मिटत नाही, गोल तसाच राहतो. मग गुडघ्यामागं तेच. सगळं निदान या दाबण्यात आहे.

इथं एक आक्षेप येतो, आणि तो प्रामाणिक आहे. १९९४ च्या गर्भलिंग निदानविरोधी कायद्यामुळं सोनोग्राफीचं प्रत्येक यंत्र नोंदलेलं असतं, ते कुणी वापरायचं आणि कुठं न्यायचं यावर बंधनं आहेत. त्यामुळं इतर देशांत तातडीच्या विभागातला डॉक्टर खाटेशेजारीच पाय दाबून बघतो, तसं इथं सर्रास करता येत नाही. ही बंधनं उगाच आलेली नाहीत. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं ८०७ मुली होत्या. कायदा हवाच. पण तो पायाच्या तपासणीच्या आड येत नाही. नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे, आणि दोन्ही शहरांत नोंदणीकृत सोनोग्राफी केंद्रं आहेत. अडलंय ते चिठ्ठीवर ‘दोन्ही पायांच्या शिरांचं डॉपलर’ लिहिण्यापाशी. संशय मनात आला तर लिहिलं जाणार, आणि ‘आपल्याकडे होत नाही’ हे मत तो संशयच येऊ देत नाही.

उपचारांत पहिला गोंधळ एका छोट्या गोळीचा आहे. ‘रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे’ असं म्हणून नातेवाईक इकोस्प्रिनची, म्हणजे अ‍ॅस्पिरिनची, पट्टी दाखवतात आणि निर्धास्त असतात. हृदयाच्या धमनीतली गुठळी मुख्यतः रक्तातल्या चिकट बिंबिकांची (प्लेटलेटची) असते, त्यांना अ‍ॅस्पिरिन आवरते. शिरेतली गुठळी फायब्रिनच्या जाळ्यात तांबड्या पेशी अडकून बनते, तिथं अ‍ॅस्पिरिनचा जोर फार थोडा. सांधा बदलल्यानंतर पुढं गुठळी होऊ नये म्हणून काही रुग्णांत तिचा उपयोग करतात, पण धरलेल्या गुठळीवर ती उपचार नव्हे. लसूण, दालचिनी, काढे यांची तर बातच नको.

खरा उपचार म्हणजे रक्ताची गोठण्याची साखळी अडवणारी औषधं. ती गुठळी विरघळवत नाहीत, ते काम शरीर स्वतः हळूहळू करतं. औषधं गुठळीला वाढू देत नाहीत, नवी होऊ देत नाहीत, तेवढा अवधी शरीराला मिळवून देतात. १९६० साली ब्रिस्टलच्या बॅरिट आणि जॉर्डन या डॉक्टरांनी फुफ्फुसात गुठळी गेलेल्या ३५ रुग्णांची चाचणी छापली. औषध न मिळालेल्या १९ पैकी पाच जण त्याच आजारानं गेले. औषध मिळालेल्या १६ पैकी त्या आजारानं एकही नाही. त्यानंतर औषध न देणारा गट ठेवायची हिंमत डॉक्टरांना राहिली नाही. ‘हेपरिन घातलं आणि रक्त वाहिलं तर जबाबदार कोण?’ असं विचारणाऱ्याला हा हिशेब दाखवावा. रक्तस्रावाची भीती खोटी नाही. पोटात वाहता अल्सर, नुकतीच झालेली मेंदूची शस्त्रक्रिया, फार खाली गेलेल्या प्लेटलेट अशा रुग्णांत ही औषधं जपून किंवा मुळीच देता येत नाहीत, मूत्रपिंड अधू असेल तर मात्रा बदलते. पण ही यादी वाचून निर्णय घ्यायचा असतो, ती बघून पळायचं नसतं.

या औषधांतल्या वॉरफरिनबद्दल गावात ‘उंदराचं औषध देतात’ अशी कुजबूज असते. ते खरं आहे, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. १९३३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये एक शेतकरी बर्फाच्या वादळात दुधाच्या कॅनमध्ये मेलेल्या गुराचं न गोठलेलं रक्त आणि बुरशी लागलेला चारा घेऊन प्राध्यापक कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोहोचला. त्या चाऱ्यातल्या द्रव्याचा शोध पुढं वॉरफरिनपर्यंत गेला. १९४८ ला ते उंदरांसाठी बाजारात आलं, १९५४ ला माणसांसाठी. ओला कडबा कुजला की जनावरं दगावतात हे ज्याला ठाऊक आहे, त्या शेतकऱ्याला ही गोष्ट सांगावी. विष आणि औषध यांत मात्रेचा फरक असतो, हे तो लगेच ओळखेल.

ती मात्रा सांभाळण्यासाठी आयएनआर ही रक्ततपासणी करतात, आकडा दोन ते तीनमध्ये ठेवतात. ‘पालेभाजी बंद’ हा सल्ला इथं सरसकट मिळतो आणि तो चुकीचा आहे. करडईची भाजी, मेथी, शेपू यांतलं के जीवनसत्त्व वॉरफरिनच्या विरुद्ध काम करतं, हे खरं. पण रोज थोडी खाल्ली तर मात्रा त्याप्रमाणं बसवता येते. बिघडतं ते महिनाभर बंद ठेवून सुगीत रोज वाटीभर खाल्ल्यानं. त्याहून घातक आहेत अंगदुखीवर स्वतःच आणलेल्या डायक्लोफिनॅकच्या गोळ्या आणि कुणीतरी दिलेल्या नाव नसलेल्या पुड्या.

रिव्हारोक्साबान, अपिक्साबान, डॅबिगाट्रान ही नवी औषधं आल्यापासून आयएनआरची ही ओढाताण बऱ्याच जणांपुरती संपली. पेटंटची मुदत सरल्यावर भारतीय कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि किमती उतरल्या. केंद्र सरकारच्या २०२२ च्या आवश्यक औषधांच्या यादीत हेपरिन, एनोक्सापॅरिन, वॉरफरिन यांच्या जोडीला डॅबिगाट्रानही आहे. गरोदर बाईला मात्र गोळ्यांऐवजी हेपरिनची इंजेक्शनं. नव्या गोळ्यांचे नियम साधे आहेत, पण पाळले नाहीत तर वाया जातात. रिव्हारोक्साबान पहिले २१ दिवस १५ मिलिग्रॅम दोनदा, मग २० मिलिग्रॅम एकदा, आणि जेवणासोबत. रिकाम्या पोटी ती नीट शोषली जात नाही, म्हणून एकादशीला किंवा नवरात्राच्या उपवासात नुसत्या चहावर घेतलेली गोळी अर्धवट लागू पडते. सूज उतरली की गोळी सोडून देणं ही इथली नेहमीची चूक. किमान तीन महिने हा नियम, आणि कारण सापडलं नसेल किंवा कर्करोग असेल तर आणखी पुढं. राज्याची महात्मा जोतिराव फुले योजना मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. घरी बसून तीन महिने घ्यायच्या या गोळ्या ग्रामीण रुग्णालयाच्या खिडकीतून मोफत मिळाल्या पाहिजेत, ही मागणी लातूर-नांदेडच्या आमदारांनी लावून धरावी इतकी वाजवी आहे.

‘महिनाभर पाय उशीवर ठेवून पडून राहा’ हेही सोडून द्यावं. औषध सुरू झाल्यावर बहुतेक रुग्णांनी झेपेल तसं चालावं.

राहिलं तिसरं वाक्य, गाडी काढण्याचं. नांदेडहून हैदराबाद अडीचशे किलोमीटरच्या वर, लातूरहून पुणे तीनशेच्या वर. जीपच्या मागच्या बाकावर सुजलेला पाय दुमडून, पाणी न पिता, औषधाचा एक थेंबही अंगात नसताना सात-आठ तासांचा हा प्रवास म्हणजे गुठळीला वाढायला दिलेली सवड. धाप वाढलेली, रक्तदाब घसरलेला रुग्ण असेल, किंवा गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन द्यावं लागणार असेल, तर मोठ्या रुग्णालयात पाठवावंच लागतं. पण पाठवणं आणि तसंच पाठवणं यांत फरक आहे. ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की, संशय पक्का असेल आणि चार तासांत सोनोग्राफी होणार नसेल, तर तपासणीची वाट न पाहता उपचार सुरू करावेत. तिथं चार तास हा उशीर मानला जातो.

किनवटहून नांदेड सव्वाशे किलोमीटरच्या वर आहे. किनवटच्या दवाखान्यात बाळंतिणीचा डावा पाय दोन दिवसांत मांडीपर्यंत सुजलेला आला, टेपनं पोटरीत चार सेंटीमीटरचा फरक निघाला, अंगावरून जास्त जात नाही, पूर्वी रक्तस्रावाचा त्रास नाही. गरोदर बायांसाठी ठेवलेला वजनकाटा शेजारीच आहे. त्यावर तिला उभं करायचं. पंचावन्न किलो. हेपरिनच्याच जातीचं एनोक्सापॅरिन किलोमागं एक मिलिग्रॅम, म्हणजे पंचावन्न मिलिग्रॅम, पोटाच्या कातडीखाली. मग १०८ ला फोन. पाय सरळ राहील असं झोपवायचं, सोबत पाण्याची बाटली द्यायची, बाळ आईजवळच ठेवायचं. आणि चिठ्ठीवर तीन गोष्टी ठळक लिहायच्या: वजन, इंजेक्शनची मात्रा आणि दिल्याची वेळ, म्हणजे विष्णुपुरीत रात्री जो कुणी तिला उतरवून घेईल त्याला पुढची मात्रा कधी द्यायची ते विचारत बसावं लागणार नाही.